मुलांसाठी पुरुष स्वयंसेवक जोडताना: 'बघू की'पासून पहिल्या रविवारपर्यंत

गणपतीत मांडवाशेजारी टेबल टाकलं, वही ठेवली आणि माइकवरून आवाहन केलं. एका रात्रीत ३१ पुरुषांनी नाव आणि फोन नंबर लिहून दिला. पहिल्या रविवारी ११ जण आले. दिवाळीनंतर ४ उरले.

त्या नंतरच्या एका रविवारी सहावीतला एक मुलगा शाळेच्या कट्ट्यावर बसून होता. केसांना तेल लावून भांग पाडलेला, मांडीवर बॅट, बॅटच्या मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. अंधार पडायला लागला तेव्हा मी त्याला सांगितलं, काकांना काम निघालं. "मग पुढच्या रविवारी पण हाच टाइम काय?" एवढंच त्यानं विचारलं. मला छातीठोकपणे हो म्हणता आलं नाही.

आता त्या ३१ जणांना नावं ठेवत नाही. काय करायचं, किती दिवस करायचं, कुणाबरोबर करायचं, यातलं काहीच मी त्यांना सांगितलं नव्हतं, कारण माझंच ठरलं नव्हतं. सांगली-साताऱ्यातली मंडळं, बचतगट, वाचनालयं आणि छोट्या संस्था अजूनही अशाच सुरुवात करतात आणि तोंडघशी पडतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आपण बोलतोय ते साधारण १० ते १६ वयाच्या मुलग्यांबद्दल. कुणाचे वडील वारलेत, कुणाचे सोडून गेलेत, कुणाचे दारूत आहेत. शिवाय आपल्याकडे आणखी एक प्रकार आहे: वडील आहेत, पण जत्रेला आणि दिवाळीलाच दिसतात. खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले (सोनं-चांदी गाळणारे) परराज्यात, पाटण-जावळीकडचे माथाडी मुंबईत. जतकडची काही आईबापं दोघंही ऊसतोडीला, पोरं आजीजवळ. या मुलांना दर आठवड्याला ठरल्या वेळी भेटणारा एक भला पुरुष हवा असतो. मुलींसाठी हेच काम बायकांनी करावं असं माझं मत आहे. त्याची पद्धत थोडी वेगळी, ती इथे घेत नाही.

क्रम लक्षात ठेवा: आधी कामाचा कागद, मग मुलं, मग नियम आणि त्यानंतर पुरुष. बहुतेक जण शेवटून सुरू करतात.

## टप्पा १: कामाचा कागद

ए-फोर कागदाची एक बाजू. त्यावर कुठे भेटायचं, कोणत्या वारी, किती वाजता, किती वेळ, कधीपासून कधीपर्यंत आणि अडचण आली तर फोन कुणाला, एवढंच. आमच्या कागदावर 'दर रविवारी साडेचार ते सहा, शाळेचं मैदान, जुलै ते एप्रिल' असं लिहिलेलं असतं.

कागदावर 'मेंटॉर' लिहू नका. 'समाजकार्य' तर अजिबात नको, ते वाचून माणूस पावतीपुस्तक शोधायला लागतो. 'शिकवणी' लिहिलंत तर दहावी नापास झालेला पण पोरांना जीव लावणारा माणूस तिथेच गळतो. आम्ही 'सोबती' म्हणतो. मुलं काका नाहीतर दादा म्हणतात.

वेळ ठरवताना माणसाचं वर्ष बघा. तासगावकडच्या द्राक्ष बागायतदाराला ऑक्टोबर छाटणीनंतर डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं) संपेपर्यंत मान वर करायला फुरसत नसते. पुढे माल काढणी, बेदाण्याची शेड, एप्रिलची खरड छाटणी. साखर कारखान्यातल्या माणसाची हंगामात पाळी बदलत राहते, कुपवाडच्या एमआयडीसीतल्याचीही. सलूनवाल्याला रविवारी बोलावणं म्हणजे त्याच्या धंद्यावर पाणी सोडायला सांगणं. त्याची सुट्टी सोमवारी असते.

म्हणून एक पुरुष आणि एक मुलगा अशी सुटी जोडी न करता दोन पुरुष आणि चार मुलं असा गट करा. एकाच मैदानात, एकाच वेळी. प्रत्येकाची दोन मुलं ठरलेली, पण एकाची छाटणी निघाली तर दुसरा चौघांना सांभाळतो. यात सुरक्षिततेचाही फायदा आहे, तो पुढे येईल.

तपासणी: हा कागद कामाशी संबंध नसलेल्या एखाद्या माणसाला वाचायला द्या. वाचून त्यानं "म्हणजे नक्की करायचं काय?" असं विचारलं तर कागद पुन्हा लिहा.

## टप्पा २: मुलं आणि घरची संमती

मुलं शोधायला गावभर पुकारा करू नका. मुख्याध्यापक, आशाताई आणि अंगणवाडी सेविका या तिघांना विचारलं की पुरेशी नावं मिळतात. शाळा बहुतेकदा वर्गातली सगळ्यात दंगेखोर मुलं पुढे करते. ती घ्याच, पण मागच्या बाकावर गप्प बसणाराही मागून घ्या. त्याची तक्रार कुणी करत नाही, म्हणून त्याचं नावही कुणी सुचवत नाही.

मग आधी मुलाला विचारा. आई समोर नसताना. "तुला यायचंय का?" यावर तो खांदे उडवेल, तेवढं चालतं. सरळ नको म्हणाला तर ओढून आणू नका.

आई, आजी, मामा, जो कुणी सांभाळत असेल त्याची लेखी संमती घ्या. आजीचा अंगठा घ्यायचा असेल तर आधी कागद मोठ्यानं वाचून दाखवा. भेटी कुठे होणार, सोबती काय करणार आणि काय करणार नाही, हे सगळं त्यात असू द्या.

इथे हमखास एक प्रश्न येतो: पैसे मिळणार का? स्पष्ट सांगा, सोबत्याकडून नाही. पण त्याच बैठकीत बालसंगोपन योजनेची माहिती द्या. एक पालक गमावलेल्या किंवा संकटात असलेल्या मुलासाठी त्यातून दरमहा २,२५० रुपये मिळतात आणि अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे जातो. ती धावपळ संयोजकाची. सोबत्याला त्यात गुंतवलंत की पोराला भेटायचं राहून जातं आणि तो तलाठी कार्यालयाच्या दारात दिसायला लागतो.

मुलं बालगृहात राहणारी असतील तर अधीक्षक, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि गरजेप्रमाणे बालकल्याण समिती यांची लेखी परवानगी येईपर्यंत एकाही पुरुषाला शब्द देऊ नका.

इशारा: मुलांची यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. मंडळाच्या ग्रुपवर तर मुळीच नाही. 'बाप दारुडा' हा शेरा एकदा मोबाइलवर फिरला की परत घेता येत नाही.

## टप्पा ३: माणूस यायच्या आधी नियम

यावर बोलायचं लोक टाळतात, पण गावात सगळ्यात आधी हाच प्रश्न पेटतो. मुलाची आई विधवा किंवा एकटी. एक परका पुरुष तिच्या पोराला भेटायला येऊ लागला की तिसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीवर कुजबूज सुरू होते. त्रास तिला होतो, तो पुरुष बिचकतो आणि महिन्याभरात सगळं बंद पडतं. आमच्याकडे एक चांगला माणूस याच कारणानं गेला. मुलाला ताप आला म्हणून तो औषध घेऊन घरी गेला होता, इतकंच. दोष माझा, कारण घरी जायचं नाही हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून हे नियम छापून ठेवलेत:

- भेट उघड्या, चार माणसांच्या नजरेतल्या जागी. शाळेचं मैदान, वाचनालय, देवळाचा पार. सोबत्याच्या घरी नाही, मुलाच्या घरीही नाही.
- बंद दाराआड मुलाबरोबर एकट्यानं थांबायचं नाही.
- मुलाच्या आईला निरोप संयोजकामार्फत. संयोजक बाई असेल तर उत्तम.
- मुलाशी खासगी चॅट नाही. संदेश पाठवायचा तर संयोजक असलेल्या ग्रुपवर.
- गाडीवरून फिरवणं, जत्रेला नेणं, पोहायला नेणं घरच्यांच्या आणि संयोजकाच्या परवानगीशिवाय नाही. विहिरीवर तर परवानगीनंही नाही.
- पैसे आणि महागड्या भेटी बंद. वाढदिवसाला सगळ्यांना एकच वस्तू, तीही संस्थेकडून.
- भेटीला येताना तंबाखू, मावा, दारू नाही.
- नदीकाठच्या गावात पावसाळ्याचा वेगळा नियम: सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला लागलं की त्या आठवड्याच्या भेटी रद्द. सोबत्यानं संयोजकाच्या उपस्थितीत फोनवर मुलाशी बोलायचं.

आणि फ्लेक्स. स्वयंसेवकांपैकी कुणाचा ना कुणाचा वाढदिवस येतो, मित्रपरिवार फ्लेक्स लावतो आणि त्यात 'अनाथांचा आधार' म्हणून आपल्या पोरांचा फोटो झळकतो. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे चौकशी किंवा कोर्टाच्या प्रक्रियेत असलेल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आपली सगळी मुलं त्यात बसत नाहीत, पण कोणतं बसतं हे फ्लेक्स छापणाऱ्याला कुठे ठाऊक असतं? म्हणून नियम सरसकट: मुलाचा चेहरा कुठेही नाही. आणि ज्याचा बाप जिवंत आहे त्याला अनाथ म्हणून रंगवणं हा वेगळाच अपमान आहे.

तपासणी: कागद, संमतीपत्रं, नियम. ही तिन्ही हातात असतील तरच पुढे जा.

## टप्पा ४: विचारायचं कसं

पुरुष येत नाहीत, ही तक्रार मी स्वतः दोन वर्षं केली. नंतर वहीत मागे जाऊन पाहिलं, तर 'रविवारी साडेचारला याल का' असं नाव घेऊन, समोर उभं राहून मी फार तर आठ जणांना विचारलं होतं. बाकी सगळी आवाहनं. मांडवातलं आवाहन, स्टेटसवरचं आवाहन, सप्ताहातल्या कीर्तनानंतरचं आवाहन. आवाहन ऐकणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, शेजारचा जाईल.

कुणी विचारायचं. मी बाई. मी विचारलं की पुरुष आदरानं मान डोलावतात, "चांगलं काम करताय ताई" म्हणतात आणि चहा पाजून वाटेला लावतात. पोरं सांभाळणं हे बायकांचं खातं, हे डोक्यात पक्कं असतं. पण आधीपासून येणारा सोबती विचारतो तेव्हा बोलणंच बदलतं. म्हणून पहिले दोन पुरुष तुम्ही कसेही मिळवा, भावाला धरा, दिराला धरा. तिसरा त्या दोघांनी आणायचा. पुढे प्रत्येक सोबत्यानं वर्षात दोघांना विचारायचं, एवढंच भरतीचं काम.

कुठे विचारायचं. संध्याकाळचं दूध संकलन केंद्र ही माझ्या मते सगळ्यात चांगली जागा. माणूस रोज त्याच वेळी येतो, म्हणजे वेळ पाळायची सवय आहे हे तिथेच दिसतं. विकास सोसायटीचा कट्टा, एसटी आगार, भजनी मंडळ हेही चालतं. तालमीतल्या वस्तादांना सोबती व्हा म्हणू नका, त्यांच्यामागे आधीच पंचवीस पोरं असतात. त्यांना विचारा, "तुमच्या जुन्या पठ्ठ्यांपैकी शब्दाला पक्का कोण?" ते एकच नाव सांगतील, आणि ते नाव सहसा चुकत नाही.

साताऱ्यात माजी सैनिकांची कमी नाही. अपशिंगेसारख्या गावात तर घरटी कुणी ना कुणी फौजेतला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत किंवा गावातल्या माजी सैनिक संघटनेत जाऊन विचारा. वेळेला हा माणूस पाच मिनिटं आधी हजर. फक्त दुसऱ्या रविवारपासून पोरांना 'सावधान' करायला लागतो, त्यावर टप्पा ६ मध्ये काम करावं लागतं.

पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं लगेच हो म्हणतात, उत्साहही दांडगा. पण निवड झाली की ती गेली, नाही झाली की पुण्याला कंपनीत गेली. त्यांना खेळ घ्यायला बोलवा, मुलं त्यांच्या नावावर लिहू नका.

काय बोलायचं. आमचे एक सोबती संकलन केंद्रावर रांगेत उभे राहून असं विचारतात:

"अण्णा, एक काम आहे."

"वर्गणी का?"

"वर्गणी न्हाई. रविवारी साडेचार ते सहा, शाळेच्या मैदानात. सातवीतली दोन पोरं हायेत, क्रिकेटचं याड. मी असतोच तितं."

"मला काय शिकवाय येतंय?"

"शिकवाय मास्तर हायेत की. तुमी नुसतं यायचं. पण दर रविवारी यायचं."

शेवटचं वाक्य गाळायचं नाही. 'जमेल तसं या' म्हणून बोलावलेला माणूस जमेल तसाच येतो.

उत्तर ओळखायला शिका. "बघू की" म्हणजे नाही. त्यामागे लागू नका, मैत्री टिकेल. "आमचा पोरगा करंल" म्हणजेही नाही. "लगेच, आजपासून!" याला सावकाश घ्या. "घरात विचारून सांगतो" हे मात्र खरं उत्तर आहे. रविवार जाणार म्हटल्यावर बायकोशी बोलावं लागतं हे ज्याला कळलं, त्यानं मनात हिशोब मांडायला घेतलाय. चार दिवसांनी कागद घेऊन त्याच्या घरी चहाला जा आणि कागद दोघांपुढे ठेवा. बचतगटाच्या बैठकीतही तो वाचून दाखवा. "आमच्या ह्यांना सांगते" म्हणणाऱ्या बायकांनी आम्हाला तीन सोबती दिले, त्यांतले दोघे अजून आहेत.

कधी विचारायचं. शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात. मे महिन्यात विचारा, जूनमध्ये तपासण्या आणि तयारी, जुलैत भेटी सुरू. गणपतीत आणि ग्रामपंचायत निवडणुकीच्या महिन्यात कुणालाही विचारू नका. तेव्हा प्रत्येक जण प्रत्येक गोष्टीला हो म्हणतो.

नेहमीची चूक: चार मुलांसाठी बरोबर दोनच पुरुष शोधणं. गाळणीतून दोन उरायचे तर वर निदान सहा-सात घालावे लागतात.

## टप्पा ५: निवड

आपल्याकडे नाही म्हणणं अवघड, समोरचा भावकीतला किंवा मंडळाचा अध्यक्ष असेल तर जास्तच. म्हणून निवड एकट्यानं करू नका. तिघांची समिती करा, त्यात निदान एक बाई आणि एक निवृत्त शिक्षक किंवा पोस्टमनसारखा, गावाला माहीत असलेला पण कुणाच्या दावणीला नसलेला माणूस. "समितीचं ठरलं नाही" हे वाक्य गावात चालतं.

प्रत्येकासाठी चार गोष्टी, कुणालाही सूट नाही:

१. अर्ज आणि ओळखपत्र. साधा एक पानी.

२. पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला. अर्ज ऑनलाइन होतो, तो उमेदवारानं स्वतः करायचा. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद फक्त तपास यंत्रणांना पाहता येते, आपल्याला नाही, म्हणून हा दाखला लागतोच. पण कोरा दाखला म्हणजे गुन्हा नोंदलेला नाही, इतकंच. त्यावर निर्धास्त होऊ नका. उलट, ऊसदर आंदोलनात रस्ता रोखल्याचा जुना गुन्हा असला म्हणून चांगला माणूस घालवू नका. बाई किंवा मूल यांच्याविरुद्धचा कसलाही गुन्हा असेल तर विषय तिथेच संपला.

३. नात्यातले नसलेले दोन ओळखीचे. त्यांतला एक रोज बरोबर काम करणारा. त्यांना फोनवर 'माणूस कसा आहे' विचारू नका, सगळे चांगलाच म्हणतात. विचारा, "तुमच्या पोराला यांच्याबरोबर दर रविवारी सोडाल का?" आणि उत्तराआधी किती वेळ जातो ते ऐका.

४. समोरासमोर अर्धा तास. "तुम्ही सहावी-सातवीत असताना तुमच्या पाठीशी कोण होतं?" इथून सुरू करा. मग, "तीन रविवार तुम्ही आलात आणि पोरगं आलंच नाही, काय कराल?" आणि, "पोरानं दुकानातून काहीतरी उचलल्याचं कळलं तर?" बरोबर उत्तर असं काही नसतं. मारायची भाषा येते का, अपमान वाटून घेतो का, मदत मागायची तयारी आहे का, ते बघा.

इशारा, इथे थांबा: माणूस ठरावीक मुलगाच मागतो. नियम ऐकून वैतागतो. "पोलिसांचा कागद कशाला, मला अख्खा तालुका ओळखतो" म्हणतो. मुलाबरोबर एकट्यानं वेळ मिळावा म्हणून आग्रह धरतो. आधीच्या ठिकाणाहून का गेला ते सांगत नाही. यातलं एकही दिसलं तर समितीत बोला, आणि शंका राहिली तर नाही म्हणा. पुरावा गोळा करत बसायचं काम आपलं नाही.

## टप्पा ६: तयारीचे दोन रविवार

पहिला रविवार नियमांचा आणि कायद्याचा. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, २०१२ प्रमाणे १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली किंवा तशी भीती वाटली तरी पोलिसांना कळवणं कलम १९ प्रमाणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे आणि संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचं कृत्य दडवलं तर शिक्षा आणखी जास्त. 'गावात बसून मिटवू' ही सवय इथे चालत नाही, सरपंचांनी सांगितलं तरी.

मुलानं काही सांगितलं तर करायचं एवढंच: शांतपणे ऐका, खोदून विचारू नका, "कुणाला सांगणार नाही" असं वचन कधीच देऊ नका. त्याच दिवशी संयोजकाला सांगा आणि पोलिसांना किंवा मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनवर कळवा. हे नुसतं वाचून दाखवू नका, दोघांना समोर बसवून तसा प्रसंग वठवून घ्या. पुरुष आधी हसतात, मग गप्प होतात.

दुसरा रविवार वागण्याचा. माणसं पोराला समोर बसवतात आणि सुरू होतात: अभ्यास करतोस का, किती मार्क पडले, मोठा होऊन काय होणार? पोरगं जमीन उकरत बसतं. त्याऐवजी हाताला काम द्या. आमचे एक निवृत्त एसटी मेकॅनिक मुलांबरोबर सायकली दुरुस्त करतात. चेन काढायची, रॉकेलमध्ये बुडवायची, ब्रशनं घासायची. दोघांची नजर चेनवर, हात काळे. अशा वेळी एका मुलानं, मान वर न करता, घरी रात्री काय होतं ते सांगितलं. समोरासमोर खुर्चीवर त्यानं ते सांगितलं नसतं.

'आमच्या वेळी' या शब्दांनी सुरू होणाऱ्या वाक्याला आमच्याकडे एक रुपया दंड आहे. डब्यात माजी सैनिकांचे पैसे जास्त.

## टप्पा ७: मुलं नेमून देणं

घर जवळ आणि आवड जुळती, हे दोनच निकष. जात, आडनाव, गट बघून मुलं वाटू नका. गाव ते काम आपसूक करायला टपलेलं असतंच. पहिली भेट संयोजक आणि घरचं माणूस यांच्यासमोर, अर्धाच तास, काहीतरी खेळून. त्यानंतर दोघांना वेगवेगळं विचारा. मुलगा "चालंल" म्हणाला की चांगलं जमलं समजा.

## टप्पा ८: पहिले तीन महिने

सोबती गळतात ते याच काळात. साधारण चौथ्या-पाचव्या आठवड्यात मुलगा अचानक येत नाही. कधी तो माणसाची परीक्षा घेतो, कधी शेळ्या राखायच्या असतात, कधी चप्पल तुटलेली असते. सोबत्याला वाटतं, याला माझी गरज नाही, आणि तोही थांबतो. म्हणून दर बुधवारी संयोजकानं प्रत्येक सोबत्याला दोन मिनिटांचा फोन करायचा. तीन प्रश्न: मुलगा आला का, काय केलंत, काही खटकलं का? आम्ही हे सहा आठवडे सोडलं होतं, तेवढ्यात दोघे गेले.

वहीत तारीख, कोण आलं आणि एक ओळ, इतकीच नोंद. लांबलचक अहवाल मागाल तर कुणी लिहिणार नाही.

महिन्यातून एकदा फक्त सोबत्यांची बैठक घ्या. चहा, भडंग आणि तासभर. पुरुष अडचण सांगत नाहीत, पण दुसऱ्यानं सांगितली की "आमचं पण तसंच हाय" म्हणून सुरू होतात.

मैदानावर महिन्यातून एकदा न सांगता चक्कर मारा. गट विखुरला आहे का, कुणी एका मुलाला बाजूला नेतो का, कुणाच्या हातात नवा मोबाइल आला आहे का, बघा. आईलाही महिन्याला एकदा विचारा. नियम मोडलेला दिसला तर त्याच दिवशी बोला. 'माणूस चांगला आहे' म्हणून सोडून दिलेला पहिला नियम उरलेल्या सगळ्यांना सुटा करतो.

तपासणी: तीन महिन्यांनी वही उघडा. दर चार रविवारांपैकी तीन रविवार आलेल्या सोबत्याला पुढे चालू द्या. दोनवर असलेल्याला विचारा, वार बदलायचा का? त्याहून खाली असेल तर सन्मानानं मोकळं करा आणि मुलं गटातल्या दुसऱ्याकडे द्या.

## टप्पा ९: निरोप

वर्ष संपलं, बदली झाली, द्राक्षाला भाव मिळाला नाही म्हणून माणूस मुंबईला गेला. सोबती जाणारच. त्यानं मुलाला तीन आठवडे आधी, स्वतःच्या तोंडानं सांगायचं. संयोजकाकरवी निरोप नाही, फोनवरही नाही. "येत जाईन मधून मधून" असं म्हणू देऊ नका. तो येणार नसतो आणि मुलगा कट्ट्यावर बसून राहतो.

शेवटच्या रविवारी नवा सोबती मैदानावर हजर हवा. जुन्यानं त्याला मुलाचं नाव सांगायचं, बॅट कुठल्या हातानं धरतो ते सांगायचं आणि त्या दिवसाची वहीतली ओळ दोघांनी मिळून लिहायची. खाली पुढच्या रविवारची तारीख आणि वेळ मुलाच्या हातानं लिहून घ्या.